बंद शटरबाहेर सायमन

सकाळी सायमनच्या पुतण्याचा फोन आला, "काका गेले." मी तेव्हा एका चौकटीच्या भावावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि सौदा पुरा केला. आदल्या संध्याकाळी तो कुठे आला होता, हे मला ठाऊक होतं.

सावनेरहून मी रिकाम्या हाताने नागपुरात आलो आणि पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या घेऊन, नीट करून विकायचा धंदा उभा केला. नीट करायचा सायमन. त्याच्यासारखा रंधा कोणी चालवला नाही, आणि मला उलटून बोलायची हिंमतही दुसऱ्या कोणाची झाली नाही. रोज भांडायचो. पण दिवस बुडायच्या आत तो माझ्यासमोर येऊन बसायचाच. बायबलातलं एक छोटं वचन त्याने पाळायला घेतलं होतं : राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका.

"उद्या बोलू की," मी म्हणायचो.

"उद्या काहून? राग भाडेकरू हाय गा. एक रात्र राहू देल्ला, का घर खाली करत नाही."

मग ते दार आलं. गिऱ्हाईक सागवान समजून हात फिरवत होतं, मी भाव चढवत होतो. सायमन रंधा ठेवून म्हणाला, "साहेब, सागवानाची फक्त वरची पट्टी हाय. आत आंबा." चार माणसांत! मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तो गेला म्हणून हे डाचायचं थांबलेलं नाही. मी त्याला हाकललं. त्याच दिवशी ऊन कलताच मी शटर ओढून आत बसलो. मोडू दे त्याचं वचन, म्हटलं. समोरच्याची मुदत कळली की मी ताणून धरतो. धंद्यात तेच शिकलो.

त्या संध्याकाळी शटरखालच्या फटीतून त्याच्या चपला दिसल्या.

"आत हायेस तू, मले मालूम हाय. उघड गा."

मी श्वास रोखला. फटीतला उजेड तांबूस झाला, विझत आला...

"ठीक हाय. माह्याकडून संपलं." चपला हलल्या.

दफनविधीनंतर त्याच्या बायकोने, रूथवहिनींनी विचारलं, "भाऊजी, काल भेट झाली न तुमची? घरी आले तं लय मोकळे दिसले. मिटलं, म्हणे."

"हो वहिनी. भेटलो."

"बरं झालं. नाही तं तुमाले जड गेलं असतं."

मुदत त्याची नव्हती, माझी होती. त्याने आपलं घर वेळेत खाली करून घेतलं.

आता वहिनी मला संध्याकाळी चहाला बोलावतात, खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसवतात. आल्यागेल्याला सांगतात, "हे दोघं कितीही भांडले तरी दिवस बुडायच्या आत मिटवत." मी मान हलवतो. खरं सांगायचं ठरवूनच गेलेलो असतो. भिंतीवरचं ऊन वर सरकत जातं, कप रिकामा होतो... आणि वहिनी दिवा लावायला उठतात.