तुरीत पडलेलं चाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरीही नाही. मी मुळात बोलतेच कमी — गप्प बाईच्या पोटात काही असेल, असं कुणाला वाटतं?

पैठण रोडला आमचं शेत आहे. शिकाऊ विमानं त्याच्यावरून जातात. त्यातलं एक पोरगी चालवते, हे धाकट्या दिरांनी सांगितलं. ते औरंगपुऱ्यात दुकानात कामाला, सगळ्या बातम्या त्यांच्याकडं. तेव्हापासून विमान दिसलं की सासूबाई म्हणायच्या, “बघा, पोरी इमानं चालवायल्यात, आन् आमच्या सूनबाईला यस्टीत चढायचं भ्या!” सगळे हसायचे. मीही हसायचे. चौथीतून काढलं तेव्हा मी रडले नव्हते — पण त्या पोरीचा मला राग यायचा. तिनं माझं काय केलं होतं? काहीच नाही.

त्या दिवशी मी एकटीच खुरपत होते. विमान वरून गेलं आणि तुरीत धप्पकन काहीतरी पडलं. बघते तर — लहानसं चाक, टायरसकट. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली सरकवलं. का? तेव्हा नुसतं आवडलं म्हणून.

संध्याकाळी भाऊजी सांगत आले — उतरताना विमान कलंडलं, पोरीचा हात मोडला. “लई जोरात आपटलं म्हणं तिनं, चाकच तुटून गेलं.”

“पोरीच्या हाती दिलं की असंच,” सासूबाई म्हणाल्या.

मी भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं शेतं धुंडाळत आली. त्यातले वयस्कर म्हणाले, “ताई, चाक वरच निखळलं असेल तर पोरीची काही चूक नाही. इकडं काही पडलं का?”

ढीग माझ्या पाठीशीच होता.

“नाय,” मी म्हटलं. परक्या पुरुषाशी, मान वर करून. आयुष्यात पहिल्यांदा.

ठपका पोरीवर आला. उडवायचं सोडून ती गावी गेली, असं भाऊजी म्हणाले. सासूबाई आता विमानाकडं बघून काही बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल — भोळी बाई, चौथी शिकलेली, घाबरली असेल. तसं म्हणू नका. मी घाबरले नव्हते. मला सगळं कळत होतं. ती खाली यावी असं मला वाटत होतं, आणि ती आली.

चाक अजून तिथंच आहे. पऱ्हाट्या दर हंगामात मीच रचते.