क्रमवारीतला आमचा वाटा

धाकट्या बहिणीला मी वर्षातून एकदा ऑफिसच्या फोनवरून फोन करते आणि तिचा पगार विचारते. एरवी सख्ख्या बहिणीलाही असं कोणी विचारत नाही, पण माझी ती नोकरीच आहे. पालघरजवळच्या ज्या मॅनेजमेंट संस्थेत ती शिकली, तिथेच मी कामाला; आणि एका मासिकाच्या क्रमवारीसाठी माहिती गोळा करायचं लचांड माझ्याच गळ्यात पडलंय.

क्रमवारी काढतात कशी, हे लोकांना वाटतं तितकं गूढ नाही. मासिकवाले एकेका गोष्टीचं वजन ठरवतात. सगळ्यात जड माजी विद्यार्थ्यांचा पगार: शिकायला येण्याआधी किती होता आणि बाहेर पडून काही वर्षांनी किती झाला. परदेशातला असेल तर तिथली महागाई धरून तो खाली आणतात. मग डॉक्टरेट झालेले शिक्षक, छापून आलेले निबंध, आणि इतर संस्थांचं आमच्याबद्दलचं मत. ज्यांनी आमचं फाटकही पाहिलेलं नाही, ते आम्हाला गुण देतात! आम्ही तरी कुठे त्यांचं पाहिलंय, पण देतोच. पुरेशा माजी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली नाहीत तर संस्थेचं नावच गळतं, म्हणून मी हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागते.

आणि एक रकाना असा, की तो भरताना माझं डोकं फिरतं. परदेशात किती जण आहेत? जितके जास्त, तितके गुण जास्त. म्हणजे बहीण तिकडे परदेशात राहिली की आम्ही वर चढणार, आणि उद्या ती आमच्या गावी घिवलीला परत येऊन आईबरोबर सुकी मासळी विकायला बसली की आम्ही घसरणार. हे ठरवणाऱ्याला बहीण नसावी.

यंदा तिने भराभर सांगितलं. पगार वाढला, हुद्दा वाढला, शहर तेच. ऑफिसच्या फोनवर ती शहरी बोलते, मीही तसंच बोलते. शेवटी मी विचारलं, "यंदा येशील ना?"

"बघते गं ताई."

दरवर्षीचं उत्तर. मला तिची इतकी आठवण येते, की बोईसरच्या बाजारात पाठमोरी कोणी तशी दिसली तरी मी थांबते.

यादी आली. आम्ही चांगले वर सरकलो. साहेबांनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, यात तुमच्या बहिणीचा हात मोठा. उरलेला खोका घेऊन मी घिवलीला गेले. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी जोडी दोरीवर टाकत. मी तिला सगळं समजावलं.

ती म्हणाली, "म्हंजे पोरीच्या कमाईवर कालेज वर गेलं?"

"हो, थोडंफार."

"मंग आपला वाटा?"

मला हसू आलं. बाबांच्या बोटीवर जो राबला त्याचा वाटा ठरलेला असायचा. कोणी आजारी पडून किनाऱ्यावर राहिला, तरी त्याच्या घरी मासळी जायची. कष्ट आपल्या माणसाचे आणि वाटा काहीच नाही, हे आईच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

"आई, याचे पैसे कोणी देत नाही गं."

"पैसं कोन मांगतंय?" ती चिडलीच. "तुज्या सायबाला सांग, पोरीला आट दिस घरी धाड म्हनावं. तेवडाच आपला वाटा."

तिला वाटत होतं, ज्यांनी पोरीच्या जिवावर पेढे खाल्ले, पोर त्यांच्याच ताब्यात आहे. साहेबाला तिथे कोण विचारतं, हे मी तिला सांगू शकले नाही.

तिथूनच, माझ्या फोनवरून, मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, "आई आपला वाटा मांगते हाय." मग आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं.

मग ती बोलली, आणि ते शहरी बोलणं कुठच्या कुठे गेलं होतं.

"बोंबील सुकलं काय गं ताय?"

"नाय अजून," मी म्हटलं. "सुकायच्या आदी ये."

या वेळी ती 'बघते' म्हणाली नाही. रडत राहिली.