पिंपावरची गोधडी

अख्ख्या ओमानमध्ये माझ्या साडूंचा विश्वास एकट्या यीस्टवर होता, आणि त्यालाही ते दिवसातून दोनदा तपासत. मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलं की आधी दाराच्या भिंगातून माझी पाहणी, मग "एकटाच आलायस ना?", मग जिन्यावर एक नजर, आणि मग कुठे चहा. तरुणपणी वर्षभर ते स्कॉटलंडला नोकरीला होते. तिथली गडद, गोडसर एल बिअर त्यांच्या जिभेवर कायमची बसली होती. दुकानातल्या बाटलीत काय भरतात याचा त्यांना संशय, तयार माल्टचा त्याहून जास्त. म्हणून सातू स्वतः भिजवायचे, मटकीसारखे पंच्यात बांधून मोड आणायचे, वाळवून भाजायचे आणि त्यांचं गोड पाणी तासन्‌तास आटवायचं, आणि यीस्ट घालून थंड खोलीत पिंपात आंबवायला ठेवायचं. जिन्यात गुऱ्हाळासारखा वास सुटे.

घरी असलं काही करणं इथे गुन्हा. कोणी चुगली केली की नोकरी, व्हिसा, सगळं खलास. मेव्हणी मुलीच्या कॉलेजसाठी पुण्यात, मग या एकट्या माणसाच्या बंद खोलीत दिवसभर एसी कशाला? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच. साडू म्हणाले, "आई आलीय. आजारी असते, झोपलीय." कोणी डोकावलंच तर म्हणून त्यांनी पलंगाला टेकलेल्या पिंपावर आईची गोधडी पांघरली. पिंपाच्या नळीतून गुडगुड चाले. ती ऐकून काकू म्हणाल्या, "आईंना कफ झालाय हो." त्या दिवसापासून ज्येष्ठमधाचा काढा आणि मऊ खिचडी सुरू झाली. साडू आधी डब्याचा वास घेत. "ही बाई रोज का देते? काहीतरी काढून घ्यायचंय हिला." मग सगळी खिचडी संपवून, डबा घासून परत देत. "आईला आवडली."

दसऱ्याला मी तिथेच होतो. काकू आपट्याची पानं घेऊन आल्या. "इथे वडीलधारं कोणी नाही हो. आईंना सोनं देऊन पाया पडू दे." साडू दार अडवून उभे. झोपलीय म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ते त्या पानांकडे बघत राहिले आणि त्यांनी खोलीचं कुलूप काढलं.

काकूंनी पिंप पाहिलं. "आई?"

"दोन वर्षं झाली जाऊन. ही खोली तिच्यासाठीच घेतली होती, काकू. तीनदा तिकीट काढलं. ती आलीच नाही."

काकूंनी पानं गोधडीवर ठेवली, तिचं घसरलेलं टोक नीट केलं आणि खाली गेल्या.

"आता पोलीस," साडू म्हणाले. महिनाभराची मेहनत त्यांनी न्हाणीघरात ओतली आणि मला रात्री घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. आम्ही दोघांनी आळीपाळीने भिंगाला डोळा लावला. बाहेर कोणी नव्हतं, उंबऱ्यावर डबा होता.

"आता कशाला?" त्यांनी मला विचारलं. मी चमचा आणून दिला. साडूंनी वास न घेता खिचडीचा पहिला घास घेतला.

"आईला आवडली असती," ते म्हणाले.