रतीराम टोळीवरचा लाल शिक्का

'रतीराम टोळी' या नावापुढे 'फसवणूक' असा लाल शिक्का लागला, तो माझ्या निर्णयाने. चार दिवसांनी तक्रार आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, एकच ओळ: खातं ठेवा नाहीतर बंद करा, पण शिक्का काढा.

मी एका गेम कंपनीत खाती तपासते. कंपनी पुण्यात आहे, मी भंडाऱ्यात घरून काम करते. आमचा गेम मोबाईलवर फुकट मिळतो. त्यात खेळणारा स्वतः लढत नाही, तो सुपरहिरोंचं ऑफिस चालवतो. कुठे पूर आला, कुठे पूल पडला, की कोणत्या हिरोला पाठवायचं हे ठरवतो. कामावरून परतलेला हिरो थकतो आणि पाऊण तास झोपतो. थांबायचं नसेल तर हिरे खर्चून त्याला उठवता येतं, आणि हिरे विकत घ्यावे लागतात. बहुतेक लोक सगळ्यात ताकदवान हिरोलाच पुन्हा पुन्हा पाठवतात. तो झोपला की त्यांना धीर धरवत नाही. कंपनी त्यावर चालते.

रतीराम टोळीने एकही हिरा घेतला नव्हता. तरी ती राज्याच्या यादीत पहिल्या दहांत होती. तिचा कोणताही हिरो लागोपाठ दोनदा कामावर गेला नव्हता. दर पाऊण तासाला अदलाबदल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आठवडेच्या आठवडे. खातं एक, फोन चार. आमच्या भाषेत याला बॉट म्हणतात, म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्रॅम. माणूस इतका नियमित नसतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. आलेखात रोज दुपारी एक ते दोन खेळ थांबलेला दिसत होता. सर्व्हरची काही अडचण असेल असं समजून मी पुढे गेले.

शिक्का लागल्यावर सात दिवसांनी खातं कायमचं बंद होतं, तोवर खेळता येतं. तक्रार आली तेव्हा तीन दिवस उरले होते. अशा तक्रारीला ठरलेलं एक उत्तर असतं, ते पाठवून द्यायचं. पण हिच्याखाली गावाचं नाव तुमसर होतं, आमच्याच भंडारा जिल्ह्यातलं. आमच्या कामात खेळणारा कुठेही असू शकतो, तो बसने जाता येईल इतका जवळ कधी नसतो. मी फोन केला.

रतीराम एका राईस मिलमध्ये हमालांचे मुकादम निघाले. वय पन्नाशीच्या पुढचं. फोनवर ते फार बोलले नाहीत. येऊन पाहा, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलच्या आवारात होते.

ट्रक लागलेला होता. मुकादम सोडून टोळी सहा जणांची. चौघे धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, पाठीवरून उतरवत होते, दोघे शेडच्या सावलीत बसले होते. बसलेल्यांपैकी एकाच्या हातात फोन होता. पाऊण तास झाला की रतीराम आवाज देत. बसलेले उठत, दुसरे दोघे बसत. भिंतीवर खडूने दोन तक्ते लिहिलेले होते, एक माणसांचा आणि एक हिरोंचा. फोन हातात असलेल्याने हिरोंच्या तक्त्यात पुढचं नाव पाहायचं आणि त्याला पाठवायचं. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही.

सगळ्यात ताकदवान हिरोला राखून का ठेवता, असं मी विचारलं.

"ज्याच्यात दम आहे त्यालेच जुपत राहिलं तं तो चार दिवसात लंबा होते, मॅडम. अन् बाकीच्याईले कामाची सवयच राहत नाही. मंग गाडी कोन खाली करन?"

गेम त्यांनी पुतण्याच्या फोनवर पाहिला होता. हिरोची झोप पाऊण तासाची आणि टोळीची पाळीही पाऊण तासाची, हे पाहून त्यांना ते आपलंच काम वाटलं होतं.

शिक्का टोळीतल्या चारही फोनवर दिसत होता. बातमी शेजारच्या मिलपर्यंत गेली होती. मुकादमाचं सगळं बळ पाळी लावण्यात असतं. कोण पोत्यांच्या थप्पीवर चढेल, कोण खाली राहील, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात, कारण तो कोणाची बाजू घेत नाही अशी त्यांची खात्री असते. रतीराम अठरा वर्षं पाळी लावत होते. मी उभी असतानाच मोरेश्वर नावाच्या तरुण हमालाला उठायची वेळ झाली.

"आताच तं बसलो ना, मुकादम," तो म्हणाला. "का इथंबी फसवून राहिले?"

दोघे हसले. रतीराम हसले नाहीत. त्यांनी तक्त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. मोरेश्वर जवळ आला, त्याने ओळ वाचली आणि मग कट्टे उचलायला गेला.

"आधी आवाजावर उठे," रतीराम मला बाजूला घेऊन म्हणाले. "आता सारे तक्ता पाहून उठतेत. खातं गेलं तं जाऊ द्या. पन मी कोनाले फसवलं, तेवढं सांगा."

दुपारी एकला कामं थांबली. सगळे डबे उघडून बसले आणि फोन पोत्यांवर उलटे पडून राहिले. ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रोग्रॅम जेवत नाही, हे मला सुचायला हवं होतं.

मिलच्या फाटकातूनच मी पुण्याला माझ्या वरिष्ठांना, केतन सरांना, फोन लावला.

"म्हणजे बॉट नाही?"

"नाही सर. सहा माणसं आणि एक भिंत."

"मग अकाउंट शेअरिंग झालं. पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही, हा आपला नियम आहे. बॅन राहील."

"बॅन राहू द्या. शिक्का चुकीचा आहे, आणि तो मी लावलाय."

त्यांनी अडचण समजावून सांगितली. सिस्टीममध्ये सगळ्या बॅनना तोच एक शिक्का लागतो. तो वेगळा काढायचा तर तपासणाऱ्याने चूक लेखी मान्य करावी लागते, आणि ते वर्षअखेरीच्या रिव्ह्यूत धरलं जातं. लिहून देते, असं मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ही पाळीची पद्धत बाकीच्या खेळणाऱ्यांना कळली तर हिरे कोण घेईल? मी म्हणाले, पद्धत गुप्त नाही, फक्त थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी शिक्का निघाला. सातव्या दिवशी खातं बंद झालं. कंपनीच्या लेटरहेडवर मी मराठीत पत्र पाठवलं: तपासात फसवणूक आढळली नाही, चूक तपासणाऱ्याची होती, खातं एकापेक्षा जास्त जणांनी वापरल्यामुळे बंद केलं आहे. रतीराम यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली, पत्राखाली तुमचं नाव आहे का. आहे, मी म्हणाले.

"मंग वाचून दाखवतो साऱ्याईले."

त्यांनी गेम पुन्हा सुरू केला नाही. मोरेश्वरने स्वतःचं खातं उघडलं आहे. तो ताकदवान हिरोलाच पाठवतो, आणि हिरे घेतो.

मी आता शिक्का लावण्याआधी खेळणाऱ्याला एक फोन करते. त्यामुळे माझी रोजची तपासलेली खाती कमी झाली आहेत आणि केतन सर ते दर महिन्याला दाखवून देतात. महिनाभराने एकदा रतीराम यांनाही फोन केला, टोळीचं कसं चाललंय म्हणून. ते म्हणाले, पाच जण आवाजावर उठतात, मोरेश्वर अजून तक्ता पाहतो.

आमच्याकडे चूक दुरुस्त झाली की फाईल बंद होते. ही फाईल बंद आहे.