कात्री कुणाकडे जमा करायची?

आमच्या कारखान्यात इस्पितळांचे गणवेश शिवले जातात. मशिनं मालक सांभाळतात आणि माणसं मी सांभाळते, म्हणजे नोकरीचे सगळे अर्ज माझ्या टेबलावर येतात. तेवीस वर्षं झाली याला. माणूस दारातून आत आला की मी त्याला ओळखते, अशी माझी ठाम समजूत होती. ती ज्यांनी मोडली, त्यांना आज सगळा कारखाना मास्तरीणबाई म्हणतो.

त्या आल्या तेव्हा आम्हाला कापड कापणारं माणूस, म्हणजे आमच्या भाषेत मास्तर, हवं होतं. शिवणारे ढिगाने मिळतात. शिवण चुकली तर उसवता येते, पण कापताना हात चुकला की अख्ख्या ताग्याचे बारा वाजतात.

बाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. अर्ज नेटका भरलेला, फक्त ‘पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का?’ यापुढचे होय-नाहीचे दोन्ही चौकोन रिकामे. माझ्या नजरेतून ते सुटलं. मालकांनी घाई लावली होती हे खरं, आणि माझा चष्मा पर्समध्येच राहिला होता हेही खरं.

कामाची परीक्षा एक दिवसाची असते. कापडाचे सहा थर पसरायचे, त्यांवर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूने आखायचं आणि कापायचं. बाईंनी साचे मांडले, उचलले, पुन्हा मांडले. तासभर कात्रीला हात म्हणून लावला नाही. शिवणाऱ्या पोरी एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

"बाई कापडाशी गप्पा मारायला आल्यात वाटतं," त्यांतली एक म्हणाली.

मग बाईंनी जी कात्री उचलली ती सगळं कापून झाल्यावरच थांबली. बाह्यांचे साचे त्यांनी अशा कोपऱ्यात बसवले होते की नेहमीच्या कापडातून हातभर उरलं. मालकांनी ते दोनदा मापलं आणि चक्क हसले. हा कपिलाषष्ठीचा योग आमच्याकडे क्वचितच येतो.

सुटीची घंटा झाली, सगळ्या गेल्या. बाई मात्र टेबलापाशीच उभ्या, दोन्ही हातांत कात्री धरून.

"अहो, निघा की आता," मी म्हटलं.

"कात्री कुणाकडे जमा करायची?"

"जमा कसली? ठेवा तिथेच."

"कुणी मोजणार नाही?" असं त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी अर्ज काढला. या वेळी रिकामे चौकोन दिसले. "कुठे मोजतात हो कात्र्या?"

"तुरुंगात," त्या म्हणाल्या. "हे काम मी तिथेच शिकले. सहा वर्षं होते. संध्याकाळी कात्र्या मोजून होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही." मग मी न विचारताच त्यांनी पुढचं सांगितलं, "भांडणात दिराला गरम इस्त्री फेकून मारली. त्याचा एक डोळा गेला. लोक विचारतात, चूक कुणाची होती? कुणाची का असेना, डोळा माझ्या हातून गेला."

मला रागच आला. "मग अर्जात लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं की. इथेच, दोनदा. दोन्ही वेळा होय लिहिलं. बोलावणंच आलं नाही. आता मी आणि माझी मुलगी बहिणीकडे किती दिवस राहणार? बहीणच म्हणाली, या वेळी रिकामं सोड."

कुणी तोंडात मारल्यासारखं झालं मला. होय लिहिलेला अर्ज मी पुढे वाचतच नसे, सरळ बाजूला टाकत असे. अशा किती जणांवर मी काट मारली, देव जाणे. ही बाई खरं बोलली तेव्हा मी तिला दारातही उभं केलं नाही, आणि आता तिलाच खडसावत होते. माझी मलाच लाज वाटली.

मालकांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. "आणि उद्या काही झालं तर?"

"तर मला विचारा. आणि तो प्रश्न अर्जातून काढून टाका. आधी काम बघू, मग विचारू. काय झालं, कधी झालं, त्यानंतर माणसाने काय केलं, ते नीट ऐकून घेऊ."

मालक त्या उरलेल्या कापडाची घडी घालत बसले. ती मनासारखी झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून येऊ दे त्यांना."

मला वाटलं होतं, हे ऐकून बाई रडतील. मी पाण्याचा पेलासुद्धा भरून ठेवला होता. त्या शांतपणे पाणी प्यायल्या आणि आपला अर्ज मागून घेतला. होयच्या चौकोनात खूण केली, शेजारी तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता इथे तुम्ही लिहा, की हे वाचून मग कामावर घेतलं."

"कशाला? मालक हो म्हणालेत ना!"

"मागच्या ठिकाणी मी सगळं तोंडी सांगितलं होतं. वर्षभराने तिथला एक तागा हरवला आणि संशय माझ्यावर आला. तेव्हा सगळे म्हणाले, आम्हाला हे ठाऊकच नव्हतं."

मी पर्समधून चष्मा काढला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अर्ज वाचला. इतका सावकाश मी आजवर कुणाचाच वाचला नव्हता. मग खाली लिहिलं, ‘सगळं वाचलं. त्यानंतरच घेतलं,’ आणि सही केली.