अब्रासॅक्सची सव्वा मूठ

दगड लाल अकीकाचा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. माझ्या थोरल्या भावाने तो कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर एका पथारीवाल्याकडून घेतला. पथारीवाला खंभातचा. परदेशी मागणीसाठी कोरलेल्या मालातले उरलेले नंग, म्हणजे खडे, तो विकत असे. भाऊ पलसाण्याच्या डाइंग मिलमधून पाळी संपवून निघाला की कडोदऱ्याला गाडी बदलायचा. हा नंग ताप बांधून ठेवतो, असे पथारीवाल्याने त्याला सांगितले.

भावाच्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळा लागल्यापासून थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा आणि पुन्हा यायचा. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला वर्ष व्हायला आले होते. तापाचे नाव निघाले की आमच्या गल्लीतली माणसे अजूनही आवाज खाली करत. दवाखान्यात रक्त तपासून हिवताप सांगितला, कडू गोळ्या दिल्या. वहिनीने पहिली गोळी दिली आणि त्याच संध्याकाळी नंग काळ्या दोऱ्यात ओवून मुलीच्या गळ्यात बांधला. त्यानंतर ताप आला नाही. कशामुळे, हा प्रश्न तेव्हापासूनच घरात होता.

नंगावर एक आकृती कोरलेली होती. डोके कोंबड्याचे, धड माणसाचे, अंगात चिलखत, एका हातात चाबूक, दुसऱ्या हातात ढाल. पायांच्या जागी दोन साप. मागच्या बाजूला सात अक्षरे होती. ती इंग्रजी नव्हती.

अडचण कानबाईमुळे आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. गाव सोडून सुरतेत आलेल्यांनीही हे सोडलेले नाही. आईचे म्हणणे होते की कानबाई घरात यायच्या आधी परका देव बाहेर गेला पाहिजे. वहिनी दोरा काढायला तयार नव्हती. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, कोंबडा तर बहुचरमाचा, देवीचे वाहन, त्याला घराबाहेर काढू नका, माताजी कोपतील. आई म्हणाली, पाय नागाचे आहेत, आणि नागपंचमी होऊन गेली, आता त्याचे घरात काम नाही.

"भाऊ, तुम्ही पेपरमा शेतस," वहिनी मला म्हणाली. "पाही सांगा, हाऊ देव शे का भूत शे. रविवारना आत."

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. अक्षरे कागदावर उतरवून घेतली आणि ग्रंथालयात जाऊन इंग्रजी ज्ञानकोश काढला. अक्षरे ग्रीक निघाली. शब्द अब्रासॅक्स. पुढे काही ठिकाणी तो अब्राक्सस असाही लिहिला गेला. ग्रीकांकडे आकड्यांसाठी वेगळी चिन्हे नव्हती, अक्षरांनीच काम भागवत. अल्फा एक, बीटा दोन, ऱ्हो शंभर, सिग्मा दोनशे, क्सी साठ. सातही अक्षरांची बेरीज तीनशे पासष्ट होते, म्हणजे वर्षाचे दिवस. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एक पंथ होता. आकाशे तीनशे पासष्ट आहेत आणि त्या सगळ्यांचा धनी हा, असे तो पंथ मानत असे.

इथपर्यंत सरळ होते. शब्दाचा अर्थ मात्र कोशात नव्हता. कोणी तो हिब्रूतून आला म्हणत होते, कोणी इजिप्तच्या जुन्या भाषेतून. कोणाच्या मते शब्दाला अर्थच नाही. आधी बेरीज ठरली, मग ती भरेल अशी अक्षरे जुळवली. पंथाचे लोक त्याला देव म्हणत. नंतरच्या धर्मगुरूंनी त्याला राक्षसांत घातले. आणखी एक शंका होतीच. दगडावरची आकृती आणि दगडावरचे नाव एकाचेच आहे, हेही कोणी खात्रीने सांगत नव्हते.

आमच्या कार्यालयात अंकशास्त्राचे सदर पाहणारा सहकारी शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याला विचारले.

"इंग्रजीत लिही," तो म्हणाला. त्याने बोटांवर मोजले. "एकवीस. म्हणजे तीन. गुरू. उत्तम."

"सगळे असेच मोजतात?"

"नाही. दुसरा तक्ता आहे, त्यात पंधरा येतात. म्हणजे सहा. शुक्र. तेही उत्तम."

"ग्रीक बेरीज घेतली तर तीन, सहा आणि पाच मिळून चौदा. त्याचे पाच."

"बुध," तो म्हणाला. "मुलीला ताप येत होता ना? मग पाच नको. तीन ठेव."

"ठेवायचे म्हणजे? आकडा आपण ठरवायचा?"

"तुझ्या घरचे काम आहे. वाचकाने विचारले असते तर मी त्याला पर्याय सांगितले नसते, एक ठरवून टाकला असता."

शनिवारी मी घरी हे सगळे सांगितले. आई गहू निवडत होती. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे तुले माहीत नई," ती म्हणाली.

"माहीत आहे ते सांगितलं. कोणालाच माहीत नाही."

"इतला शिकना, आन कोणलेच माहीत नई हाई शिकी उना."

भाऊ हसला. वहिनी हसली नाही. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, नंग तोंडात धरून. वहिनीने तो तिच्या तोंडातून काढला आणि फ्रॉकच्या आत टाकला.

कानबाईच्या नैवेद्याला रोट करतात. रोटाचे धान्य मोजायची आमच्या घरची रीत ठरलेली आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. बायका आणि मुली मोजणीत नसतात, खाण्यात असतात. हे रोट भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत. परका माणूस कितीही जवळचा असला तरी त्याला त्यातला तुकडा मिळत नाही.

आईने परात पुढे ओढली. वारलेल्या वडिलांचे नाव आता घेत नसत. भावाच्या नावाची सव्वा मूठ पडली, मग माझ्या. आई हात झटकायला लागली तेव्हा वहिनी म्हणाली, "आते, आखो एक टाका."

आईने वर पाहिले. "कोना नावनी?"

"त्यानी. पोरना गयामा शे त्यानी."

"तो काय आपला भाऊबंद शे?"

"मोजा त व्हई जाई. देव ऱ्हाता त कानबाईले राग येता. घरना माणूस शे म्हनावर कसाना राग?"

आईने मला विचारले, "गडी शे का बाई?"

कोशात याचे उत्तर होते की नाही, मला आठवेना. मी सांगायच्या आत भाऊ म्हणाला, "मुंडकं कोंबडानं शे ना. कोंबडी नई."

आईने सव्वा मूठ घातली. नाव घेताना ती अडली. "त्याना नावनी," एवढेच म्हणाली.

रविवारी कानबाई बसली. दोरा मुलीच्या गळ्यातच राहिला. जेवताना वहिनीने त्याच्या वाट्याचा रोट मुलीच्या ताटात ठेवला. तो तिच्याच गळ्यात राहतो, तर तिने खायचे, असे तिचे म्हणणे. तापानंतर मुलीची भूक अजून पुरती परतली नव्हती. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला कोणी खायचा, यावर पुन्हा बोलणे झाले. तो भाऊबंद, म्हणून आम्हाला चालतो, असे ठरले. मी खाल्ला. सोमवारी सकाळी कानबाईला तापीवर निरोप दिला. त्या आठवड्यात दवाखान्याच्या गोळ्या संपल्या.

मुलीला त्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पूर्ण केल्या म्हणून. बेन म्हणाल्या, माताजीने पाहिले. सहकाऱ्याने तीन आकडा बरोबर निघाल्याचे मला दोनदा सांगितले. वहिनी कोणालाच नाही म्हणाली नाही.

पुढच्या श्रावणात मी रात्रपाळीवर होतो. मोजणीच्या वेळी दुपारी नुकताच उठून बाहेर आलो. आईने भावाची सव्वा मूठ टाकली, मग मुलीच्या गळ्यातल्या त्याच्या नावाची, आणि शेवटी माझी.

"माझी त्याच्या मागून?" मी विचारले.

"तो रातले बी घरमा ऱ्हास," आई म्हणाली आणि परात वहिनीकडे सरकवली.