नानांनी दिलेले दहा

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणाऱ्यांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि तसं लिहिणं मला जमणार नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज आणि जर्नल सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. हेसुद्धा तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं... कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. उलट मला त्यांची मजा वाटायची. भूत खरं वाटलं असतं तर त्याला दहापैकी मार्क देत बसलो असतो का?

हो, मार्क. मी आणि माझे चुलते, नाना, दरवर्षी मार्क द्यायचो.

आम्ही इचलकरंजीचे. नाना यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. तीस-पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान गेलेले. पण गाण्याचा नाद जबरदस्त. टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा लागली की ते टीव्हीच्या लाकडी स्टँडवर उजव्या हाताचा तळवा ठेवून बसायचे. तळव्यातून त्यांना ताल कळायचा. गाणं संपलं की त्याच हाताने स्टँडवर टकटक करायचे. जितक्या टकटक, तितके मार्क. मी ते वहीत लिहायचो.

आमचा सगळ्यात आवडता कार्यक्रम म्हणजे त्या स्पर्धेचा 'अवसेचा भाग'. पितृपंधरवड्यात दरवर्षी एकदा सगळे गायक भुताखेतांची गाणी म्हणतात. स्टेजवर धूर, कंदील, पांढऱ्या साड्या. घरातले हसायचे, आम्ही दोघं मात्र परीक्षकांपेक्षा गंभीर. माझ्या वहीत 'सूर' आणि 'भीती' असे दोन रकाने आहेत, आणि आमचा सर्वकालीन क्रमही लिहिलेला आहे. पहिला नंबर एका शाळामास्तरांचा. त्यांनी धूर, कंदील काहीच घेतलं नव्हतं. दिवे घालवले आणि नुसत्या तानपुऱ्यावर गायले. नऊ. दुसरा नंबर वेताळ होऊन आलेल्या एका मुलाचा. वरच्या सुरात त्याची दाढी निघून पडली तरी तो थांबला नाही. आठ, कारण नानांच्या मते दाढी गेली पण ताल नाही गेला. भुतांच्या मालिकांमध्ये माझी आवडती ती, जिच्यात भूत शेवटपर्यंत दिसतच नाही, फक्त विहिरीचा रहाट आपोआप फिरतो. नानांचं मत होतं की भुतानं तोंड दाखवलं की दोन मार्क गेले.

दहा मात्र त्यांनी कधीच कुणाला दिले नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "चूक काढणं हे जॉबरचं काम हाय लेका. दहा दिले म्हणजे जॉबर घरी गेला."

आता दुसरी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात खुणांनी बोलतात. धागा तुटला की कामगार माग थांबवतो, हात वर करतो आणि दोन्ही मुठी एकत्र आणून झटक्यात लांब करतो. तुटला. जॉबर येतो, जोडतो, आणि अंगठा तर्जनीवर चोळून दाखवतो. जोडला, चालू कर. नानांच्या पाळीत नियम होता की ज्याने स्वतः हात वर केला त्याला शिवी नाही. ज्याने लपवलं त्याची खैर नाही, कारण लपवलेली चूक कापडात मीटरच्या मीटर पुढे जाते. हे सगळं मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा पाहिलंय. घरातल्या मुलींना तिकडे पाठवत नसत.

मी बेंगळुरूला इंजिनिअरिंगला आलो ते नानांच्या हट्टाने. माझ्या वडिलांना वाटत होतं की पोरगा गावातच काहीतरी शिकेल. नाना म्हणाले, मागाच्या आवाजापासून जितका लांब जाईल तितका जाऊ दे.

आणि दुसऱ्या वर्षाला माझा गणिताचा पेपर राहिला.

नानांनी फोनवर विचारलं तेव्हा मी सगळे विषय निघाले असं ओरडून सांगितलं. ओरडूनच, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. खोटं बोलायचं आणि तेही ओरडून... त्या दिवसानंतर मी त्यांचे फोन घ्यायचं टाळू लागलो. लेक्चर आहे, लॅब आहे. दोन महिने असेच गेले. शेवटी ठरवलं की अवसेचा भाग एकत्र बघायचा आणि तो संपला की सांगून टाकायचं. फेरपरीक्षा मंगळवारी होती. त्याआधीच्या रविवारी सकाळी अकराला त्या भागाचं पुनःप्रक्षेपण होतं.

मी राजाजीनगरात पीजीमध्ये राहतो. मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, पण घरात मराठी, आमच्यापेक्षा वेगळी, कानडी मिसळलेली. हा कार्यक्रम त्या कधी चुकवत नाहीत, म्हणून मला त्यांच्या हॉलमध्ये बसून बघायची परवानगी आहे. हॉल पहिल्या मजल्यावर. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर टांगलेला. त्या भिंतीला लागून पूर्वी एक घर होतं, ते उन्हाळ्यात पाडलं. आता तिथे अपार्टमेंटसाठी खणलेला खड्डा आहे.

आदल्या वर्षी मी इथूनच नानांना व्हिडिओ कॉल लावला होता. त्यांनी फोन स्टँडवरच ठेवल्यामुळे त्यांच्या टकटक मोठ्याने ऐकू यायच्या, आणि अक्का प्रत्येक वेळी त्यांच्याशी भांडायच्या. इतके कमी का, म्हणून. नानांना अर्थातच काही ऐकू जायचं नाही.

या वर्षी अकराला दहा कमी असताना मी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग नानांच्या मुलीचा, वैशालीताईचा मेसेज आला की नाना झोपलेत, तू अभ्यास कर, नंतर बोलू. नाना आणि अवसेच्या भागाला झोपलेत? मला वाटलं, त्यांना कळलंय. कुणीतरी सांगितलंय आणि ते रागावलेत. मी फोन बंद करून खिशात ठेवला. बघावंसंच वाटेना, पण अक्कांनी चहा आणून ठेवला होता.

पहिलं गाणं एका मुलीचं झालं. धूर जास्त, सूर बरा. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, त्या थांबल्या... आणि टकटक ऐकू आली.

सात वेळा. सावकाश, सारख्या अंतराने.

अक्का टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, "आले की तुझे नाना. लागला काय फोन?"

मी खिशातून फोन काढला. तो बंद करून ठेवलेला होता. मी तो अक्कांपुढे धरला. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आवाज टीव्हीतून आलेला नव्हता. टीव्हीच्या मागून, भिंतीतून आला होता.

"पाइप असंल," त्या म्हणाल्या. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुसरं गाणं एका उंच मुलाचं. आवाज चांगला, पण अंतऱ्यात घाई केली, ताल सुटला. परीक्षकांनी त्याला उभं राहून दाद दिली. भिंतीतून पाच आल्या.

नानांनी पाचच दिले असते! ताल सुटला की पाचच्या वर नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो मी अक्कांना कधी सांगितलेला नव्हता. माझा हात आपोआप वहीकडे गेला. का लिहिलं ते माहीत नाही. सवयीने लिहिलं. सात. पाच.

मग मी उठून गच्चीवर गेलो. एवढं तरी डोकं चाललं. गच्चीवरून ती भिंत बाहेरून पूर्ण दिसते. सपाट भिंत. तिला खिडकी नाही, पाइप नाही, टेकवलेली शिडीसुद्धा नाही. खाली खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, रविवार म्हणून एकही मजूर नाही. लख्ख ऊन होतं. मी गच्चीवर असतानाच खालून तिसरं गाणं संपल्याचं ऐकू आलं, आणि मी त्या कोऱ्या भिंतीकडे बघत असताना आतून अक्कांचा आवाज आला. त्या मोठ्याने मोजत होत्या. आठपर्यंत मोजून थांबल्या.

मी खाली आलो तेव्हा त्या उभ्या होत्या. मला त्या तम्मा म्हणतात, कानडीत धाकटा भाऊ. म्हणाल्या, "तम्मा, स्वल्प इथंच थांब. मला एकटीला नको सोडू." या बाई रिक्षावाल्यांना गप्प बसवतात. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

शेवटचं गाणं एका साध्या कपड्यांतल्या बाईंचं. धूर नाही, काही नाही. आम्ही दोघांनीही ते नीट ऐकलं नाही, नुसती वाट बघत राहिलो. नऊ आल्या. मी लिहिल्या.

कार्यक्रम संपला, जाहिराती लागल्या. अक्कांनी टीव्ही बंद केला आणि देवापुढे दिवा लावायला आत गेल्या. मी भिंतीजवळ गेलो. नानांसारखा तळवा भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. आत काही नव्हतं.

आता जे लिहितोय त्याची मला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. मी दोन पावलं मागे आलो. हात वर केला. मग दोन्ही मुठी एकत्र आणल्या आणि झटक्यात लांब केल्या.

तुटला.

रिकाम्या भिंतीसमोर मी कारखान्यातली खूण केली. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग टकटक सुरू झाली. मी मोजत गेलो. सात. आठ. नऊ. आणि त्यानंतर आणखी एक.

अक्का दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनीही मोजलं होतं. "सरी, बरं, आता हात जोड," एवढंच त्या म्हणाल्या. मी जोडले.

नंतर मी खूप शोधलं. अक्कांनी प्लंबर बोलावला, त्याने त्या भिंतीत पाण्याची लाइनच नाही असं सांगितलं. माझ्या मित्राने तो भाग ॲपवर हेडफोन लावून ऐकला, त्यात असा कुठला आवाज नाही. मी एकटाच असतो तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिलं असतं. पण अक्कांनी ऐकलं होतं, मोजलं होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा, खरंच.

घरी मी रविवारी, सोमवारी फोन लावत राहिलो. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं की पेपर दे, मग बोलू. मंगळवारी पेपर दिला. बाहेर आलो तर वैशालीताईचा फोन आला.

नाना रविवारी दुपारी साडेबाराला गेले होते. शनिवारी संध्याकाळी त्यांना झटका आला म्हणून मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. शुद्धीवर होते तेवढ्यात त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं की पोराचा पेपर होईपर्यंत त्याला काही कळवायचं नाही. रविवारी पहाटेपासून ते बेशुद्धच होते.

मी कॉलेजच्या फाटकापाशी फुटपाथवर बसलो. ताई रडत नव्हती, रडून झालं होतं तिचं. मग म्हणाली, एक विचारायचंय. बेशुद्ध असताना नानांचा उजवा हात मधूनच हलायचा आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटायचा. सिस्टरने तिला सांगितलं होतं की किती वेळा होतं ते लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवू. तिने गोळ्यांच्या पाकिटामागे लिहिलं होतं. ती वाचायला लागली.

"अकरानंतर थोड्या वेळाने सात. मग पाच..."

मी बॅगेतून वही काढली. पुढचे आठ आणि नऊ तिच्याआधी मीच म्हणालो. मला कसं कळलं, ते तिने विचारलं नाही.

"मग बऱ्याच वेळाने एकदम दहा," ती म्हणाली. "त्यानंतर हात आपटायचा थांबला. पण शेवटपर्यंत अंगठा बोटावर चोळत होते, असा हळूहळू. सिस्टर म्हणाल्या, तंबाखूची सवय असेल. अरे, नाना तर जन्मात तंबाखूला शिवले नाहीत. तू जायचास ना त्यांच्याकडे कारखान्यात... काय करत होते रे ते?"